गोझोचं ते निळं दार आणि आमचे 1,716 युरो

आधी आकडे सांगते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. 2 सप्टेंबर 2025 ला 1,620 युरो, 5 सप्टेंबरला 96 युरो. एकूण 1,716. त्या दिवसांच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या वर. चार रात्रींसाठी, आणि माल्टाजवळच्या गोझो बेटावरच्या ज्या सुट्टीच्या घरासाठी दिले त्याच्या उंबऱ्याच्या आत आमचं एकही पाऊल पडलं नाही.

ही पद्धत नवी नाही. खरं घर, चोरलेले फोटो, खोटी मालकीण. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होती. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर मीच दोनदा असले इशारे पुढे पाठवलेत. त्यामुळे "इतकी शिकलेली बाई कशी फसली" हे मनात आलं तरी मला लिहू नका. घरच्यांकडून ते ऐकून झालंय.

आम्ही म्युनिकजवळ राहतो. कोल्हापूरहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. मुलीच्या शाळेच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा उरला होता, नवऱ्याची रजा ऐनवेळी मंजूर झाली, आणि बाबांना एकदा निळा समुद्र बघायचा होता. माल्टाला गर्दी फार, म्हणून शेजारचं गोझो ठरवलं. लहानसं, शांत बेट. माल्टाच्या चिरकेव्वा बंदरातून बोटीने पंचवीस मिनिटं. रामलाची तांबूस वाळू, श्लेंदीची खाडी, मार्सालफोर्नजवळची मिठागरं, आणि मासे. ऑगस्टच्या मध्यापासून तिकडे लाम्पुकी माशाचा मोसम सुरू होतो. बाबांना मासे म्हणजे जीव की प्राण. विमानाची तिकिटं आधी काढली, राहण्याचं नंतर बघू म्हटलं. इथंच पहिलं चुकलं, कारण तारखा हातात अडकल्या की माणूस मिळेल त्या घराला होय म्हणतो.

8 सप्टेंबरला माल्टात सार्वजनिक सुट्टी असते. 1565 चा तुर्कांचा वेढा उठल्याचा विजयदिन, आणि त्याच दिवशी गोझोतल्या शारा गावात मोठा उत्सव. आम्ही पोचणार नेमके त्या दिवशी. सगळीकडे "उपलब्ध नाही" येत होतं. त्यात एका नावाजलेल्या बुकिंग साइटवर शारामधलं एक दगडी फार्महाऊस दिसलं. चुनखडीच्या पिवळसर भिंती, छोटा तलाव, निळं दार आणि दारावर पितळेच्या दोन डॉल्फिनच्या कड्या. असल्या कड्या तिथल्या जुन्या दारांवर असतात. मुलीने तो फोटो मोठा करून करून बघितला.

मी साइटवरूनच चौकशी केली. उत्तर आलं की कॅलेंडरमध्ये काहीतरी घोळ आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, तुमचं साइटचं शुल्कही वाचेल. इथं तुम्ही सगळे ओरडणार. ओरडा. पण ती बाई बोलायची कशी ते ऐका. आई-बाबा म्हातारे आहेत का, खालच्या मजल्यावर झोपायची सोय करू का. मुलीचं वय काय. बाबांना मासे आवडतात म्हटल्यावर मार्सालफोर्नला कुठल्या वेळी जायचं ते सांगितलं. म्हणाली, फ्रिजमध्ये जबेयना, म्हणजे मेंढीच्या दुधाचं ताजं चीज, आणि बेकरीतली गरम फ्तीरा, म्हणजे तिकडचा पाव, ठेवते, उत्सवाच्या दिवशी दुकानं लवकर बंद होतात. यातलं सगळं खरं होतं! जबेयना खरी, फ्तीरा खरी, दुकानं बंद असतात तेही खरं. खोटी फक्त ती होती. मी तीन दिवस तिच्याशी बोलत होते आणि एकदाही म्हटलं नाही की बाई, जरा व्हिडिओ कॉल लाव आणि मला घर दाखव. तेवढं केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चार रात्रींचे 1,120 आणि परत मिळणारं डिपॉझिट 500. सगळं आगाऊ. 2 तारखेला घरी गौरी विसर्जन होतं. दिवसभर पाहुणे, संध्याकाळी आरती, भांडी, मुलीचं झोपणं. रात्री सव्वादहाला मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन घेऊन बसले. बाबा समोर दूध पीत होते.

तो क्षण मला आजही झोपू देत नाही. बाबा जिल्हा बँकेतून निवृत्त झालेत, छत्तीस वर्षं काउंटरवर काढलीत. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "अगं, हे ईएस काय? आपल्याकडं आयएफएससीची पहिली चार अक्षरं बँकेची असतात. हे कशाचं?" मी म्हटलं, बाबा, इथं आयबॅन असतो, म्हणजे खाते क्रमांक, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची. ते म्हणाले, "मग ईएस म्हणजे कुठलं?" मी म्हटलं, स्पेन. ते म्हणाले, "घर माल्टाला आणि खातं स्पेनला? आणि नाव पण त्या बाईचं नाही. पैसे कुणाला पाठवतीस तू?"

तीन प्रश्न, तिन्ही बरोबर. माल्टाच्या खात्याचा आयबॅन एमटीने सुरू होतो आणि तब्बल 31 अक्षरांचा असतो. माझ्यासमोर होता तो 24 चा. मला हे आधी माहीत असायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, पण बाबांनी विचारल्यावर शोधायला एक मिनिट लागलं असतं. मी काय केलं? तिला मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं की हे आमच्या हिशेबनिसाच्या कंपनीचं खातं आहे, आणि दुसरं कुटुंब वाट बघतंय, तेव्हा इन्स्टंट ट्रान्सफर कराल तर तारखा तुमच्या. आणि मी बाबांना म्हटलं, "बाबा, इकडं असंच असतं, तुम्हाला नाही कळायचं."

ते काही बोलले नाहीत. पेला विसळून ठेवला आणि झोपायला गेले. दहा सेकंदांत पैसे गेले.

इन्स्टंट करू नका. घाई करणाऱ्याला तर कधीच नाही. साध्या ट्रान्सफरमध्ये निदान सकाळी उठून बँकेला फोन करायला वाव असतो.

5 तारखेला तिने आणखी 96 युरो मागितले, सरकारी पर्यावरण कर म्हणून. माणशी रात्रीचे सहा, चार मोठ्यांचे चार रात्रींचे 96. असा कर माल्टात खरंच आहे, म्हणून मला संशय आला नाही. पण तेव्हा तो होता अठरा वर्षांवरील माणसामागे रात्रीला पन्नास सेंट. म्हणजे आम्हा चौघांचे मिळून आठ युरो. आठ! आधीच 1,620 गेलेत, आता कशाला वाद, असं म्हणून मी तेही पाठवले. एकदा पैसे गेले की आपणच त्या माणसाची बाजू घ्यायला लागतो, कारण नाहीतर आपण मूर्ख ठरतो.

8 तारखेला दुपारी आम्ही शाराला पोचलो. चौकात पताका, बँडवाले, फटाके. आई उन्हाने थकलेली. घर सापडलं. तेच पिवळे दगड, तेच निळं दार, तेच दोन डॉल्फिन. क्षणभर मला इतकं हायसं वाटलं! किल्लीची पेटी दाराच्या उजवीकडे आहे, कोड 2719, असा मेसेज होता. उजवीकडे भिंत होती, नुसता सपाट दगड. मुलगी त्या दगडावर हात फिरवून पेटी शोधत राहिली, डावीकडे, कुंडीमागे, पायरीखाली. शेवटी नवऱ्याने डॉल्फिनची कडी वाजवली. ओले केस, खांद्यावर टॉवेल अशा एका इंग्रज बाईने दार उघडलं. त्यांचं बुकिंग शनिवारपर्यंत होतं. तिच्या मागे तो तलाव दिसत होता. मी तिला माझ्या फोनवरचे फोटो दाखवत होते आणि ती सारखी "सॉरी" म्हणत होती. तिने आईला आत सावलीत बसवून पाणी दिलं आणि खऱ्या मालकिणीला फोन लावला.

व्हॉट्सअ‍ॅपवर तोवर माझ्या मेसेजला एकच टिक येत होती.

मालकीण अर्ध्या तासात आली. साठीची बाई, उत्सवासाठी नटून निघालेली. तिने दाराशेजारची परवान्याची पाटी दाखवली. तिकडे पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक पैसे देण्याआधी मागा, आणि नुसता मागून थांबू नका, कार्यालयाला मेल करून खात्री करा. मी मागितलाच नव्हता. तिच्या घराचे फोटो दुसऱ्याच कुठल्या जाहिरातीतून उचलले होते. घरी परतल्यावर मी उलटा इमेज शोध घेतला, म्हणजे फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते बघितलं, तर पहिल्याच निकालात खऱ्या घराचं पान आलं. वीस सेकंदांचं काम.

आता अधिकाऱ्यांबद्दल. हे मात्र मी सविस्तर लिहिणार.

सुट्टीचा दिवस, म्हणून तिथल्या पोलीस ठाण्यात एकच माणूस. सौजन्याने बोलला, पण म्हणाला पैसे जर्मनीतून गेले, तर तक्रार जर्मनीत करा. मी म्हटलं, घर इथं आहे, जाहिरात इथल्या घराची आहे. तो म्हणाला, घरात तर काही गुन्हा झालेला नाही. बऱ्याच विनवणीनंतर अर्धं पान लिहून घेतलं, प्रत मिळाली नाही. त्याच संध्याकाळी बँकेला फोन, 48 मिनिटं संगीत ऐकलं. मग सांगितलं की इन्स्टंट ट्रान्सफर तुम्ही स्वतः मंजूर केलंय, परत मागवण्याची विनंती पाठवू, पण समोरच्याने होय म्हटलं तरच. ज्याने चोरलेत त्याची परवानगी! त्या विनंतीचे 25 युरो माझ्याच खात्यातून कापले. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं की खात्यात शिल्लक नाही.

म्युनिकला परतून आमच्या भागातल्या ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, खातं स्पेनचं ना, मग स्पेनला कळवलंत का? मी कळवायचं? मग तुम्ही कशासाठी आहात? सगळे मेसेज, आयबॅन, फोन क्रमांक, तारखा, वेळा, मी फाईल करून नेल्या होत्या. 31 पानं. त्याने पहिली चार घेतली. डिसेंबरात सरकारी वकिलांच्या कार्यालयातून पत्र आलं: आरोपी निष्पन्न झाला नाही, तपास बंद. खातं कोणाच्या तरी नावावर, ओळखपत्र दाखवून उघडलेलं असतं. ते नाव बँकेकडे आहे. मग आरोपी निष्पन्न होत नाही म्हणजे काय? कोणी उत्तर दिलं नाही. बुकिंग साइटचं तर विचारूच नका. व्यवहार आमच्या बाहेर झाला, जबाबदारी नाही, आणि खाली अनुभवाला किती तारे देता म्हणून प्रश्न. पण जाहिरात तुमच्याच साइटवर होती ना? पहिला मेसेज तुमच्याच खिडकीत आला ना? "व्हॉट्सअ‍ॅपवर या" हे शब्द तुमच्या डोळ्यांसमोर गेले ना?

आणि एक गोष्ट फार सलते. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासून दाखवणं बंधनकारक झालं. आमचे पैसे गेले त्याच्या 37 दिवस आधी. बाबांनी डोळ्यांनी केलेली तपासणी आता यंत्र करतं. तुमच्या स्क्रीनवर "नाव जुळत नाही" आलं तर तिथेच थांबा. हिशेबनीस, भाऊ, कंपनी, जे सांगतील ते सांगू देत. तो इशारा ओलांडून तुम्ही होय दाबलंत की नुकसान तुमचं. आणि हिशेबनीस असल्या कुणाच्या खात्यात सुट्टीच्या घराचे पैसे भरायचे नसतात, एवढं तरी माझ्याकडून घ्या. क्रेडिट कार्ड असतं तर निदान पैसे परत मागायला दाद मागता आली असती.

त्या रात्री गोझोच्या मुख्य शहरात, विक्टोरियात, दोन खोल्या 290 युरोंना मिळाल्या, पुढच्या तीन रात्री मार्सालफोर्नला एक फ्लॅट 435 ला. रामलाला एकदा गेलो. मुलीने वाळूत किल्ला केला, मी फोनवर बँकेशी बोलत होते. शेवटच्या संध्याकाळी बाबांना लाम्पुकी मिळाला, तव्यावर भाजलेला, वर टोमॅटो-केपर्सचा रस्सा. त्यांनी काटे काढून पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला. तुम्हाला नाही कळायचं, असं मी त्यांना म्हटलं होतं, त्याचा त्यांनी तेव्हाही उल्लेख केला नाही आणि अजूनही करत नाहीत. मी माफी मागितली. ते म्हणाले, "जेव आधी."

खऱ्या मालकिणीशी माझं अजून बोलणं होतं. मार्चमध्ये तिने कळवलं की तीच जाहिरात दुसऱ्या नावाने परत लागलीय, तोच तलाव, तेच डॉल्फिन. मी तक्रार केली, तिने केली, काढायला साइटने अकरा दिवस लावले. तिने आता दारावर कडीच्या खाली कागद लावलाय, इंग्रजीत, जर्मनमध्ये आणि फ्रेंचमध्ये: पैसे दुसऱ्या कुणाला दिले असतील तर आत या, पाणी प्या, मग मला फोन करा. माझ्यानंतर दोन कुटुंबं त्या दाराशी आली.