जुनी सॅन स्टॉर्म: पुण्याला पाठवावी की सोलापुरातच खोलावी?

आमची सॅन स्टॉर्म, म्हणजे फायबर बॉडीची आणि कापडी छताची दोन सीटची गाडी, २०१२ पासून नऊ वर्षं जुळे सोलापुरातल्या शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा चालती करण्यासाठी आधी पुण्यात खोलली गेली आणि नंतर इथे, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. माझा कल सोलापूरकडे आहे. तुमची गाडी, तुमचा वेळ आणि तुमचा मिस्त्री वेगळा असेल, तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो.

रंगकामात पुणं सरस आहे, हे मान्य करतो. बंद बूथ, गाळलेली हवा आणि फायबरवर हात बसलेला पेंटर, हे तिन्ही एका छताखाली मला इथे सापडलं नाही. फायबरच्या बॉडीला गंज नाही, पण वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्या नुसती लांबी भरून झाकल्या तर वर्षभरात रंगातून पुन्हा वर येतात. चीर खोलवर घासून, काचतंतूंची मॅट आणि रेझिन बसवून मगच लांबी भरावी लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नये. रेझिन डब्यातच घट्ट होतं आणि थिनर उडून गेल्याने रंग खरखरीत बसतो. मी डिसेंबर धरला. काम चांगलं झालं, तरी पुण्यात रंगवलेल्या बॉनेटची झाक आमच्या दारांना आली नाही.

इंजिनाच्या बाबतीत मला दोन्हीकडे फारसा फरक जाणवला नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं आणि क्रँक हाताने फिरवून बघायचा. टायमिंग बेल्ट नवा घातल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसायचं, ब्रेकचं ऑइल पूर्ण बदलायचं. इतकं कुठलाही जाणता मिस्त्री करतो. पेट्रोलचे सगळे रबरी होज मात्र बदलाच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस गरम इंजिनाजवळ गळायला लागतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या क्षाराने बादल्यांचं काय होतं ते आपण रोज बघतोच.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. नटबोल्ट.

पुण्याच्या वर्कशॉपने गाडी दोन दिवसांत पूर्ण खोलली. मी शनिवारी गेलो तेव्हा डॅशबोर्ड, ब्रेक, सस्पेन्शन, सीटच्या पट्ट्या, सगळ्यांचे नटबोल्ट आणि वायसर दोन बादल्यांत एकत्र पडले होते, वर डिझेल ओतलेलं. खोलणारा मुलगा पुढच्या महिन्यात काम सोडून गेला. कुठला बोल्ट कुठला, हे त्याच्या डोक्यात होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. नेहमीच्या मारुतीला हे खपून जातं. शेजारी तशीच दुसरी गाडी उभी असते, तिच्यात डोकावून बघता येतं. स्टॉर्म मुळात मोजक्या बनल्या. गोव्याचा कारखाना, इंजिन रेनॉचं, आणि डोकावून बघायला दुसरी गाडी जवळपास नाही. चौदा महिने गाडी तशीच राहिली. मी दर महिन्याला अडीचशे किलोमीटर जाऊन त्या बादल्या बघून यायचो. शेवटी फ्लॅटबेडवर घालून परत आणली, बादल्यांसकट.

इथे होटगी रोडच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅटचं हाउसिंग हातात घेतलं आणि म्हणाला, "मालक, हा बोल्ट हितला न्हाई बघा. कुणीतरी जबरदस्तीनं कसलाय." ८ एमएमचाच बोल्ट, पण बारीक आट्यांचा, अॅल्युमिनियममध्ये तिरका घुसवलेला. भोकातले आटे गेले होते. लेथवाल्याकडे हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घेतलं. अशी सात ठिकाणं निघाली. प्रत्येक ठिकाण म्हणजे एक-दोन दिवस.

त्यानंतर आम्ही एकच पद्धत ठेवली. एका वेळी एकच भाग खोलायचा. त्याचे बोल्ट शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत, बरणीवर चिठ्ठी, आणि खोलण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो. तो भाग परत बसेपर्यंत दुसऱ्याला हात नाही. संध्याकाळी कामावरून येताना मी गॅरेजवर थांबायचो आणि बरण्या मोजायचो. पुण्यात हे शक्य नव्हतं. तिथली माणसं वाईट नव्हती, मी तिथे नव्हतो. सोलापुरात एकोणीस महिने लागले, पण त्यातला एकही महिना गाडी नुसती पडून नव्हती.

तुमचं राहणं पुण्यात असेल, आठवड्याला एक फेरी मारता येत असेल, तर माझं म्हणणं बरंचसं गळून पडतं. किंवा मधला मार्ग काढा: यांत्रिक काम इथे पूर्ण करून, गाडी स्वतःच्या चाकांवर चालवत फक्त रंगासाठी न्या. पुन्हा करायची वेळ आली तर मी तसंच करीन. रंगाला देताना चॅसी नंबरवर कागदी टेप लावून द्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि आरटीओत तो नंबर वाचता आला नाही की सगळं अडतं.

छताचं कापड मात्र कुठेही पाठवू नका. आमचं जुनं हुड फाटून लोंबत होतं. पुण्यात ते टाकून द्यायला निघाले होते, मी डिकीत ठेवायला लावलं. इथल्या सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराने त्याची प्रत्येक शिवण ब्लेडने उसवली, तुकडे जमिनीवर मांडले आणि त्यांच्यावरून नवं कॅनव्हास बेतलं. डाव्या कोपऱ्यात ते अर्धा इंच कमी पडलं, म्हणून त्याने तो तुकडा पुन्हा कापला. यंदा पहिल्या पावसात मी गाडी मुद्दाम बाहेर उभी केली आणि आत बसून राहिलो. सीट कोरडी राहिली.