खांदा निखळल्यावर एक्स-रे, सीटी की एमआरआय?

खांदा बसवून झाला, हात झोळीत आला, दुखणं थोडं ओसरलं की घरात पहिला प्रश्न निघतो: आता एमआरआय काढून घ्यायचा का? नाशिकमध्ये फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. त्यामागे बहुतेकदा एक समजूत असते. एक्स-रे म्हणजे लहान तपासणी, सीटी मधली आणि एमआरआय सगळ्यात मोठी. मग पैसे असतील तर थेट मोठीच करून टाकावी. या समजुतीपायी लोकांचे हजारो रुपये जातात आणि हवं ते उत्तर हाती येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. हाड किती झिजलं हे विचारायचं असेल तर सीटी, लॅब्रम (खांद्याच्या खोबणीची कडा उंच करणारी कूर्चेची पट्टी) किंवा स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारा दोर) फाटलाय का हे विचारायचं असेल तर एमआरआय, आणि दोन्हीच्या आधी नीट काढलेला एक्स-रे.

एक्स-रेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. समोरून काढलेली एक फिल्म पुरत नाही. किमान दोन, शक्यतो तीन बाजूंनी फोटो हवेत: समोरून, खांद्याच्या फऱ्याच्या बाजूने (याला वाय व्ह्यू म्हणतात) आणि काखेतून, म्हणजे ॲक्झिलरी व्ह्यू. या तिसऱ्यासाठी हात अंगापासून थोडा लांब न्यावा लागतो. ताज्या दुखण्यात ते नको वाटतं, म्हणून तो फोटो टाळला जातो. हात झोळीतच ठेवून, पेशंटला थोडं मागे वाकवून वरून खाली किरण सोडण्याची पद्धतही आहे. तंत्रज्ञाला तसं विचारा.

हा आग्रह कशासाठी? खांदा साधारण ९५ टक्के वेळा पुढच्या बाजूला निखळतो आणि ते समोरच्या फिल्मवर चटकन दिसतं. मागच्या बाजूला निखळलेला खांदा मात्र त्याच फिल्मवर जवळजवळ नॉर्मल वाटू शकतो. तो मागे सरकतो मुख्यतः फिट आल्यावर किंवा विजेच्या धक्क्याने. शेतातल्या मोटरीचा शॉक बसलेला माणूस दिंडोरीहून किंवा निफाडहून येतो, ‘एक्स-रेत काही नाही’ असं ऐकून परत जातो, आणि हात बाहेरच्या बाजूला वळतच नाही म्हणून महिनाभराने पुन्हा दाखवायला येतो. शॉक बसला होता किंवा फिट आली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. काखेतून एक फोटो काढला की निदान तिथल्या तिथे होतं.

खेड्यापाड्यांत अजूनही काही जण खांदा उतरला की आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात. शक्य असेल तर बसवण्याआधी एक फिल्म आणि बसवल्यावर एक, एवढं तरी कराच. दंडाच्या हाडाला बारीक तडा असेल आणि तसाच जोर लावला, तर तुकडा सरकतो. नंतरच्या फिल्मवर सांधा जागेवर आल्याची खात्री होतेच, शिवाय दंडाच्या हाडाचा जो गोळा खोबणीत बसतो, त्याच्या मागच्या बाजूला पडलेली खाचही दिसू शकते. १९४० साली हिल आणि सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टनी या खाचेचं वर्णन केलं, तेही साध्या एक्स-रेच्या आधारे. खर्च काही शेकड्यांत, किरण नगण्य.

आता सीटी आणि एमआरआय. इथे वय आणि कितवी वेळ, या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या.

विशीच्या आतबाहेरचा कबड्डीपटू धरा. चढाईत हात ओढला गेला आणि खांदा पहिल्यांदाच निखळला. या वयात पुढच्या बाजूची लॅब्रम बहुधा हाडापासून सुटलेली असते. ही बँकार्टची इजा. खांदा पुन्हा निखळण्याचा धोकाही याच वयात सर्वांत जास्त. इथे एमआरआयचा उपयोग आहे, पण कधी काढता त्याला महत्त्व आहे. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत सांध्यात रक्त साचलेलं असतं. त्याने सांधा फुगतो आणि फाटलेली कड आपोआप उठून दिसते. काही आठवड्यांनी रक्त शोषलं गेलं की साध्या एमआरआयवर हीच कड हाडाला चिकटल्यासारखी दिसू शकते. तेव्हा एमआर आर्थ्रोग्राम उजवा: सुईने सांध्यात पातळ केलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, सोडून मग एमआरआय. सुई टोचावी लागते, खर्च वाढतो, एक-दोन दिवस खांदा जड वाटतो. ऑपरेशनचा निर्णय त्यावर ठरणार असेल, तर हे सगळं सोसण्याजोगं आहे.

तोच मुलगा तिसऱ्या-चौथ्यांदा खांदा निखळून आला, तर मी सीटीकडे झुकेन. दर वेळी गोळा खोबणीच्या कडेवर घासतो आणि हाड झिजत जातं. थ्रीडी सीटीत संगणकावर दंडाचा गोळा पुसून टाकता येतो आणि नुसती खोबण समोरून दिसते. तिच्या खालच्या गोल भागावर रेडिओलॉजिस्ट एक वर्तुळ बसवतात. वर्तुळाचा व्यास २५ मिलिमीटर आला आणि पुढच्या कडेला ५ मिलिमीटर हाड गायब असेल, तर तूट २० टक्के. झीज २० ते २५ टक्क्यांच्या घरात गेली की फक्त लॅब्रम शिवून भागत नाही. हाडाचा तुकडा बसवण्याच्या लातार्जे शस्त्रक्रियेचा विचार होतो. संपर्काचे खेळ खेळणाऱ्यांत त्याहून कमी तूटही आता गंभीर मानतात.

गोळ्याची खाच आणि खोबणीची झीज एकत्र मोजायची रीत २००७ साली जपानी संशोधकांनी मांडली. सध्याच्या सूत्रात व्यासाच्या ८३ टक्के घ्यायचे आणि त्यातून तूट वजा करायची. वरच्या उदाहरणात २०.७५ वजा ५, म्हणजे पावणेसोळा मिलिमीटरच्या आसपास. खाचेची रुंदी आणि तिच्या बाहेर, स्नायूबंध चिकटतो तिथपर्यंत उरलेला हाडाचा पूल मिळून १८ मिलिमीटर भरले, म्हणजे या आकड्याहून जास्त, तर खाच कडेत अडकण्याचा धोका आहे. सर्जनला नेमका हाच आकडा हवा असतो, आणि ‘हिल-सॅक्स इजा दिसते’ एवढ्या एका ओळीच्या रिपोर्टातून तो मिळत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘खांद्याचा सीटी’ इतकंच असेल, तर थ्रीडी, गोळा वगळून आणि खोबणीच्या झिजेचं माप, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही ठिकाणी तुलनेसाठी दोन्ही खांदे एकदम काढतात. सीटीत किरण एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त लागतात, त्यामुळे गरोदर बाईने हे आधी सांगायलाच हवं.

चाळिशीपुढे चित्र पालटतं. द्राक्षाच्या मांडवाखाली पाय घसरून पडलेल्या पन्नाशीच्या काकांचा खांदा पुन्हा निखळण्याची भीती तुलनेने कमी, पण रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंचे, स्नायूबंध फाटण्याची शक्यता बरीच. दोन-तीन आठवडे झाले, दुखणं उतरलं, तरी हात वर जात नाही, तर ‘वयामुळे होतंय, व्यायामाने सुटेल’ म्हणून थांबू नका. फाटलेला बंध आत ओढला जातो, स्नायूत चरबी भरते आणि पुढे शिवणं अवघड होतं. यासाठी साधा एमआरआय पुरेसा आहे. अनुभवी हात असेल तर सोनोग्राफीतही कफ छान कळतो आणि पैसे वाचतात. लॅब्रम आणि हाडाची झीज मात्र तिच्यावर सोपवू नये.

एमआरआय ठरवताना मशीन किती टेस्लाचं, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं, हे फोनवरच विचारा. १.५ किंवा ३ टेस्ला चालेल. लॅब्रमसाठी कमी ताकदीचं उघडं मशीन मी सुचवणार नाही. पेसमेकर असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर आधीच सांगा. एमआरआय शक्यच नसेल तर सीटी आर्थ्रोग्राम हा पर्याय आहे.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शर्टाच्या बाहीवर बिल्ला लावतात तिथे, बधिर वाटतंय का? ही ॲक्झिलरी नसेची खूण. नस काम करते की नाही हे यातली कुठलीच तपासणी सांगत नाही. त्यासाठी तीनेक आठवड्यांनी ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे स्नायू आणि नसांमधले विजेचे संदेश मोजणारी तपासणी, करतात.

महात्मा फुले योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तपासणीच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि निघताना फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक कापच छापलेले असतात; वर्तुळ पुन्हा बसवून मोजायचं झालं, तर सर्जनला सगळे लागतात.