एकाच तारखेला जन्मलेले गायक शोधायला विकिडेटा कितपत कामाचा?

विकिडेटा म्हणजे विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा. त्यात ८ जानेवारी टाकली की एल्विस प्रेस्ली (१९३५) आणि डेव्हिड बोवी (१९४७) शेजारी शेजारी येतात. विकिपीडियाच्या तारखेच्या पानावरही ते मिळतात, पण तिथे खेळाडू, राजकारणी सगळ्यांची खिचडी असते. विकिडेटाच्या क्वेरी सेवेत, म्हणजे या साठ्याला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या जागी, पी१०६ हा व्यवसायाचा संकेत आणि पी५६९ जन्मतारखेचा. महिना-दिवसाची चाळणी लावली की काम झालं. व्यवसायात ‘संगीतकार’ एवढंच ठेवलं तर ‘गायक’ अशी नोंद असलेले गळतात, दोन्ही घ्या. साठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर क्वेरी तुटते, तेव्हा आधी जन्मवर्षांचा पट्टा छोटा करा.

खरी गोम १ जानेवारीची. ज्यांचं फक्त वर्ष माहीत आहे, तेही या तारखेला येऊन बसतात! उपाय सोपा: अचूकता ११, म्हणजे दिवसापर्यंत, असलेल्याच नोंदी घ्या.

तरी मूळ नोंद चुकीची असेल तर यंत्र काय करणार? जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँग स्वतः ४ जुलै १९०० सांगायचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ निघाली. म्हणजे तो किशोर कुमारच्या (१९२९) तारखेचा. संदर्भ नसलेली तारीख धरूच नका. फुकट सेवा म्हणून उत्तम, नवख्याला मात्र जड.