दगडी चाळ, पण यॉर्कशायरची: टेरेस हाउसचा कार्ड किट एक हिवाळा-उन्हाळा वापरून

गेल्या महिन्यात इकडे उकाड्याची लाट आली आणि माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरच्या, कार्डापासून जोडलेल्या घरांच्या एका अख्ख्या ओळीची छपरं उचलली गेली. पन्हाळीच्या कडेला गोंद सुटला, मधे कार्ड फुगलं, आणि समोरून डीएमयू (डिझेलवर चालणारी डब्यांची गाडी) जाताना बघितलं तर सगळ्या घरांनी टोप्या तिरक्या घातल्यासारख्या दिसत होत्या. हा रिव्ह्यू कधीचा लिहायचा राहिला होता, आता रागातच लिहून टाकते.

माझा लेआउट ओओ गेजचा, म्हणजे खरं एक फूट इथे ४ मिलिमीटर, याहून जास्त सांगत बसत नाही. मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते आणि माळ्यावर आठ फुटी फळीवर कॅल्डर व्हॅलीतलं एक गाव करतेय. अमुक एक गाव नाही, थोडं हेब्डन ब्रिज, थोडं टॉडमॉर्डन, थोडं माझ्या मनातलं. काळ १९६०च्या दशकाची सुरुवात, म्हणजे कोळशाच्या वाघिणी ओढणारी डब्ल्यूडी ऑस्टेरिटी ही वाफेची इंजिनंही चालतात आणि १९६१ला आलेली क्लास ११० डीएमयूही चालते, जिला लोक 'कॅल्डर व्हॅली'च म्हणतात. मूळची ही मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेची लाइन, १८४१ला समिट टनेल उघडला तेव्हा पूर्ण झाली. आता अशा दरीत गाडी दाखवायची म्हणजे तिच्या डोक्यावर टेरेस, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळी, पाहिजेतच, म्हणून हा किट घेतला. एका डब्यात चार घरं, १८ पौंड. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ईमेलवर भांडण अजून चालू आहे. एवढंच सांगते की ती मेटकाफ नाही. कार्ड किट म्हटलं की सगळे आधी त्यांचंच नाव घेतात, आणि ते आहेतही इथलेच, स्किप्टनजवळचे. मला मात्र लेझर कटिंग हवं होतं म्हणून मी दुसरीकडे गेले.

आधी चांगलं ते सांगते. कटिंग फारच सुरेख आहे. खिडक्यांच्या चौकटी सुटताना एकही धागा निघत नाही, दाराखालची दगडी पायरी वेगळी येते, खिडकीवरची दगडी पट्टी वेगळी येते आणि ती भिंतीच्या जराशी पुढे बसते, त्यामुळे बाजूने दिवा धरला की खरी सावली पडते. भिंती चौरस बसतात, कुठे पट्टी लावून घासायला लागलं नाही. पहिलं घर उभं राहिलं तेव्हा मी नवऱ्याला वर बोलावून दाखवलं होतं, आणि तो सहसा माळ्यावर येत नाही.

आणि मग छप्पर.

मला कळत नाही की या लोकांनी कधी लेआउट बघितलाय की नुसतीच डब्यावरची चित्रं काढलीयेत. आपण लेआउट बघतो वरून. माझा डोळा फळीच्या वर साधारण ४० सेंटिमीटरवर असतो, म्हणजे स्केलच्या हिशेबात शंभर फुटांवर. तिथून दारं दिसत नाहीत, पायऱ्या दिसत नाहीत, ज्यावर यांनी एवढा जीव टाकलाय त्या खिडक्या तर अर्ध्याच दिसतात. दिसतं ते छप्पर आणि छपरावरची धुरांडी. आणि यांनी नेमकी तिथेच काटकसर केलीये. दोन घरांमधल्या सामाईक धुरांड्यावर चिमणीच्या नळ्या किती, तर दोन! त्याही कागदाची पट्टी टूथपिकवर गुंडाळून आपणच करायच्या.

आता साधा विचार करा. या घरांत प्रत्येक फायरप्लेसचा धूर वेगळ्या वाटेने वर जातो आणि प्रत्येक वाटेच्या तोंडावर स्वतःची मातीची नळी असते. खाली दोन खोल्या वर दोन खोल्या असं घर असलं, तर स्वयंपाकघरातली भट्टी धरून तीन-चार फायरप्लेस सहज असायच्या. शेजारशेजारची दोन घरं एकाच धुरांड्यात धूर सोडणार, म्हणजे सहा ते आठ नळ्या झाल्या. इथल्या हॅलिफॅक्समध्ये कुठल्याही चढाच्या रस्त्यावर उभं राहून खाली बघा, नळ्यांचं रान दिसतं, काही तांबड्या, काही पिवळट, काही उंच, काही बुटक्या, एखादीवर झाकण. नळ्या मोजल्या की आत किती ठिकाणी कोळसा जळत होता ते कळतं. दोनच नळ्या म्हणजे या किटमधली माणसं डिसेंबरात वरच्या खोल्यांत गोठून मेली म्हणायची.

बरं, थ्रीडी प्रिंटेड नळ्या मिळतात, पण छोट्या पाकिटाला पाच-सहा पौंड, आणि मला लागणार शंभराच्या घरात. १८ पौंडांच्या किटवर तेवढ्याच पैशाच्या नळ्या कोण लावणार? मी डीसीसीची (इंजिनं डिजिटल सिग्नलने चालवायच्या पद्धतीची) बस वायर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारी मुख्य तार, घातली होती तिचे तुकडे उरले होते, २.५ चौरस मिलिमीटरची साधी घरगुती वायर. आतलं तांबं ओढून काढलं की वरचं प्लास्टिक उरतं, बाहेरून साधारण साडेतीन मिलिमीटर. खरी नळी दहा-बारा इंच रुंद असते, म्हणजे स्केलमध्ये बरोब्बर तेवढंच! सात-आठ मिलिमीटरचे तुकडे केले, थोडे कमीजास्त, आणि लाइव्हची वायर इकडे तपकिरी असते त्यामुळे वरून विटकरी रंगाचा एक पातळ हात पुरला. फुकटात काम. ज्यांच्याकडे बस वायरचे उरलेले तुकडे पडलेत त्यांनी टाकू नका.

छपराची दुसरी तक्रार. या भागातल्या जुन्या छपरांवर दगडाच्या पातळ फरशा असतात आणि त्या खालून वर लहान होत जातात, पन्हाळीपाशी मोठ्या, आढ्यापाशी छोट्या. किटवर सगळ्या एकाच मापाच्या छापल्यात. शिवाय प्रत्येक छपराच्या डाव्या कोपऱ्यात, खालून तिसऱ्या ओळीत, शेवाळाचा तोच एक हिरवा ठिपका. चारही घरांना तोच, पुढच्या डब्यातही तोच. एकदा दिसला की डोळा दुसरीकडे जातच नाही. मी प्रत्येक ठिकाणी वेगळा रंग मारून तो घालवला.

रंगावरून आठवलं. बाबांना पुण्याला व्हिडिओ कॉलवर लेआउट दाखवला तर म्हणाले, "अगं, हे गाव जळालंय का?" लहानपणी तेच मला कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये न्यायचे, छंदाचं खूळ तिथलंच, पण त्यांच्या डोक्यात लेआउट म्हणजे रंगीत आणि लख्ख. त्यांना सांगितलं की बाबा, डब्यातून निघालं तेव्हा हे गाव मधाच्या रंगाचं होतं, मी मुद्दाम काळं केलंय. इथला वाळूचा दगड मुळात पिवळसर, पण शंभर वर्षं गिरण्यांचा आणि घराघरांतल्या कोळशाचा धूर खाऊन काळा ठिक्कर पडला. क्लीन एअर ॲक्ट आला १९५६ला, त्यानेही भिंती लगेच थोड्याच धुतल्या जातात, दगड घासून साफ करायचं काम बरंचसं नंतरचं. आजही एका ओळीत एक घर उजळ आणि शेजारचं काळं असं दिसतं. कंपनीने आजच्या घासलेल्या भिंतींचे फोटो काढून छापलेत आणि डब्यावर वाफेचं इंजिन! मग मी काळा आणि तपकिरी चॉक पेस्टल घासून कोरड्या ब्रशने मारला. नुसता काळा मारू नका, घर दगडाचं न दिसता डांबराचं दिसतं. बाबांचं पुढचं म्हणणं, करायचंच तर आपलं बोरीबंदर कर की. म्हटलं, तुमच्या जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, पहिली इंजिनंसुद्धा लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतनं आली होती, इथनं तासाभरावर. त्यावर ते जेवायला गेले.

इथपर्यंत लिहून तीन तारे द्यायचे ठरवलं होतं. पण काल मागची टेकडी पुन्हा बसवली आणि मत थोडं बदललं, ते पण सांगायला पाहिजे.

हेब्डन ब्रिजमध्ये दरी इतकी अरुंद की जागाच नाही, मग लोकांनी घरावर घर बांधलं. खालच्या दोन मजल्यांचं घर खालच्या रस्त्यावर उघडतं, त्याची पाठ टेकडीत गाडलेली, आणि वरच्या दोन मजल्यांचं घर टेकडीच्या बाजूने वरच्या रस्त्यावर उघडतं. पुढून चार मजले, मागून दोन. असा किट मला तरी कुठे मिळाला नाही. पण या किटच्या भिंती इतक्या नेमक्या मापाच्या आहेत की एकाचं छप्पर न लावता त्यावर दुसरा सरळ बसतो, सांधा पट्टीखाली लपतो, आणि खालच्या घराच्या मागच्या भिंती टेकडीत जाणार म्हणून लावायच्याच नाहीत, त्या वाचतात. त्या वाचलेल्या भिंतींतून पार्श्वभूमीपाशी लावायला अर्ध्या जाडीची घरं निघाली, आणि दोन अर्धी पाठीला पाठ चिकटवली की लीड्सची खरीखुरी बॅक-टू-बॅक तयार, मागे दार नाही, अंगण नाही. तसली घरं लीड्समध्ये १९३७ पर्यंत बांधत होते. म्हणजे डब्यात चार घरं म्हणतात पण डोकं चालवलं तर सहा निघतात. पैसे वसूल झाले की माझा राग निम्मा उतरतो, हा स्वभाव आहे.

निम्माच. कारण सर्व्हिस. छपरं उचलल्यावर मेल केला, तर उत्तर आलं की कार्ड हे नैसर्गिक मटेरियल आहे, कोरड्या आणि समान तापमानाच्या जागी ठेवा. यॉर्कशायरमध्ये! माळ्यावर! मग डब्यावरचा बॅच नंबर मागितला. डबा कुठून आणू, त्याचं पुठ्ठं कापून मी घरांच्या आत आडव्या पट्ट्या लावल्यात, चांगलं जाड पुठ्ठं होतं. शेवटी बऱ्याच मेलांनंतर एक छपराचा कागद पाठवला, एकच, आणि त्याची छटा आधीच्या छपरापेक्षा वेगळी. बाकीच्यांचं काय, तर आधी जुने परत पाठवा, पोस्टेज तुमचं. चिकटवलेलं छप्पर परत कसं पाठवतात हे त्यांनीच सांगावं.

कारण मला कळलंय ते असं. कार्डाच्या छापील बाजूवर चकचकीत थर आहे, मागची बाजू उघडी. हिवाळ्यात माळ्यावरची ओल फक्त मागून आत शिरते, उन्हाळ्यात स्लेटखाली माळा तापला की तिथूनच निघून जाते, एक बाजू फुगते-आकसते आणि दुसरी नाही, मग कार्ड वळणारच. त्यात छप्पर फक्त कडांवर टेकलेलं, मधे आधार नाही. नवीन छपरांना मी चिकटवायच्या आधी मागून मॅट वार्निशचे दोन हात मारले, आत फोमबोर्डचे तीन त्रिकोण उभे केले, आणि पीव्हीए (पाण्यातला पांढरा गोंद) सोडून पाणी नसलेला गोंद वापरला. ती अजून सरळ आहेत. हे त्यांनी सूचनांच्या कागदावर दोन ओळींत छापलं असतं तर एवढा व्याप झाला नसता.

कोणी विचारेल म्हणून, याच कंपनीचा गिरणीच्या चिमणीचा किटही मी बघितला होता. उंची बघून हसू आलं. ब्रॅडफर्डला मॅनिंगहॅममध्ये लिस्टर मिलची चिमणी २४९ फूट आहे, स्केलमध्ये ९९६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटर. किटमधली हातभरही नाही. अर्थात खऱ्या मापाची केली तर माझ्या माळ्याचं छत फोडून बाहेर जाईल, त्यामुळे तिथे मी कंपनीला माफ करते. मी पीव्हीसी पाइपला वीटछाप कागद गुंडाळून मागच्या कोपऱ्यात उभी केली, तीन पौंडांत झाली.

घ्यावा का? लेआउट घरातल्या गरम खोलीत असेल तर घ्या, भिंतींसाठी घ्या. सेलमध्ये १४ पौंडांपर्यंत येतो तेव्हाच घ्या. माळा, गॅरेज, शेड असेल तर वार्निशचा डबा धरून हिशेब करा, आणि मग डाउनलोड करून घरी छापायच्या शीट्स स्वस्त पडतात का ते बघा, तुमच्याकडे धड प्रिंटर आणि कटर धरायचा संयम असेल तर पडतात. साडेतीन तारे. अर्धा तारा फक्त त्या खिडक्यांवरच्या पट्ट्यांचा. उरलेल्या छपरांचे पैसे परत आले तर चार करीन, तसा मेल त्यांनाही टाकलाय.