विंडोज ७ वरून ११ वर: सात महिने आणि लपलेल्या फाइली

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी मशीन चालतंय ना, म्हणून मी ते रेटत राहिलो. पुढे क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीवर येऊन अडकला, एकेक साइट उघडेना, तेव्हा विंडोज ११ चं नवं मशीन घेतलं. त्याला आता सात महिने झाले. वेगाबद्दल काही म्हणणं नाही. लिहायचंय ते लपलेल्या फाइलींबद्दल, कारण पहिले चार दिवस त्यांच्यामागेच गेले.

चूक माझीच. जुन्या मशीनवरून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह कॉपी केला आणि सगळं आलं असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी पहिलंच काम हक्कसोडपत्राचं. सवयीने ‘लिदे’ टाइप करून स्पेस दाबली, तर ‘लिदे’ तसंच राहिलं. जुन्या मशीनवर त्याचं ‘लिहून देणार’ व्हायचं, ‘हसोप’चं ‘हक्कसोडपत्र’, ‘निनि’चं ‘निर्वेध व निजोखमी’. नऊ वर्षांत अशी तीनेकशे लघुरूपं मी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये भरली होती. त्या दिवशी ‘चतुःसीमा’ अख्खा टाइप करताना बोटं अडखळत होती आणि पक्षकार घड्याळ बघत होता.

ही यादी डॉक्युमेंट्समध्ये नसतेच. सी ड्राइव्ह, यूजर्स, आपल्या नावाचा फोल्डर आणि त्यात ॲपडेटा, म्हणजे प्रोग्राम आपली सेटिंग्ज ठेवतात तो फोल्डर. हा ॲपडेटा मुळातच लपवलेला. विंडोज ७ मध्ये तो दिसायला ऑर्गनाइझ, मग फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स, मग व्ह्यू अशी वारी करावी लागायची. ११ मध्ये फाइल एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यू, त्यात अगदी तळाला शो, त्यात हिडन आयटम्स. टिक केली की फोल्डर उगवतो, पण फिकट, धुतलेल्या रंगाचा. सोय चांगली आहे, फक्त तो ‘शो’ इतका खाली आहे की पहिल्या दिवशी माझी नजर तिथवर पोचलीच नाही. सर्चमध्ये शोधून उपयोग नाही; ॲपडेटा मुळात इंडेक्समध्येच, म्हणजे सर्च ज्यात बघतो त्या यादीतच, धरलेला नसतो.

आता मी टिकही करत नाही. विंडोज आणि आर दाबायचं, दोन पर्सेंट चिन्हांच्या मध्ये ॲपडेटा लिहायचं, एंटर. लपलेला असो नसो, थेट ॲपडेटातल्या रोमिंग फोल्डरात उतरतो. तिथून मायक्रोसॉफ्ट, मग ऑफिस. आत एमएसओ१०३३ आणि एमएसओ११०२ अशा एसीएल फाइली दिसतात; ऑटोकरेक्टच्या याद्या त्यांतच असतात, दर भाषेची वेगळी. १०३३ अमेरिकन इंग्रजीची, ११०२ हा मराठीचा क्रमांक. जुनी हार्डडिस्क केसिंगमध्ये घालून जोडली, परवानगी नाही म्हणाली, कंटिन्यू दाबून थोडं थांबलो. मग वर्ड बंद करून ११०२ ची फाइल नव्या जागी टाकली. वर्ड उघडलं, ‘लिदे’, स्पेस. झालं! ठळक अक्षरांतली काही लघुरूपं तरी आली नाहीत. फॉरमॅटिंगवाली नॉर्मल टेम्प्लेट नावाच्या वर्डच्या मूळ साच्याच्या फाइलीत राहतात, म्हणजे शेजारच्या टेम्प्लेट्स फोल्डरात.

पेनड्राइव्हचं प्रकरण वेगळं. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये नुसते शॉर्टकट दिसतात आणि जागा मात्र भरलेली असते, तेव्हा व्हायरसने फाइलींना हिडनबरोबर सिस्टिमचाही शिक्का मारलेला असतो. तिथे हिडन आयटम्सची टिक पुरत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन संरक्षित सिस्टिम फाइली लपवण्याची टिक काढावी लागते. ती काढली की डेस्कटॉपवर दोन डेस्कटॉप डॉट आयएनआय, म्हणजे विंडोजच्याच सेटिंगच्या फाइली, येऊन बसतात. माझ्या पुतण्याने त्या कचरा समजून उडवल्या होत्या. काम झालं की मी टिक परत लावतो.

एक फाइल मात्र लपलेली नव्हतीच. सेटअपच्या वेळी मीच वनड्राइव्हला हो म्हटलं होतं, त्यामुळे डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरात गेला होता आणि मी जुन्या पत्त्यावर शोधत बसलो होतो.

हिडन आयटम्स रोज चालू ठेवू नये, गर्दी होते. फाइलींची एक्स्टेन्शनं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं, मात्र मी कायम दाखवतो. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधली ‘पीडीएफ’ शेवटी ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, निघते.

कस्टम डिक्शनरी, म्हणजे आपण वर्डला शिकवलेल्या शब्दांची यादी, रोमिंगमधल्याच मायक्रोसॉफ्टच्या यूप्रूफ नावाच्या फोल्डरात असते, हे गेल्या महिन्यात कळलं. तोवर इंग्रजी अर्जांत आमच्या तालुक्यातल्या निम्म्या गावांच्या नावांखाली वर्ड लाल रेघा ओढत होता.