बेरजेसाठी दहा घरांच्या पाट्या: कल्पना पक्की, पुठ्ठा कच्चा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत बोटांवरच अडकलेल्या मुलांसाठी हा संच जरूर घ्यावा. पाच-पाच घरांच्या दोन ओळी असलेल्या दोन पाट्या, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळ्या अशा 20 टिकल्या आणि बेरजांची कार्डं, एवढंच यात असतं.

खरा उपयोग दहा ओलांडताना. 8 + 5 साठी एका पाटीवर 8 लाल, दुसरीवर 5 निळ्या टिकल्या ठेवायच्या. पहिलीत दोन घरं रिकामी दिसतात. दोन निळ्या तिकडे सरकवल्या की दहा आणि तीन, तेरा. सरकवायचं मुलानेच, गुरुजींनी नाही. वरची ओळ आधी भरून घ्यावी, नाहीतर टिकल्या विखुरतात आणि मूल पुन्हा एकापासून मोजायला लागतं. उत्तर 12 आलं तर समजावं, पुढची मोजणी 9 ऐवजी 8 पासूनच सुरू झाली.

1 ते 9 ची 81 कार्डं एकदम काढू नयेत. 3 + 6 आणि 6 + 3 एकच धरलं की 45 उरतात. आधी 4 + 4 सारख्या जोड्या, मग दहा करणाऱ्या. रोज तीन-चार पुरेत.

पाट्या मात्र पुठ्ठ्याच्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत कडा फुगतात, लॅमिनेशन सुटतं. चुंबकाचा संच घ्याल तर खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. टिकल्या हरवल्या तर चिंचोके मधोमध फोडावेत: एक बाजू पांढरी, एक तपकिरी, आणि घरात नीट बसतात.