व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा: शहराला पूर्ण गुण, सहलीला निम्मे

यंदाच्या मे महिन्यात बडोद्याच्या एका प्रवासी कंपनीबरोबर आम्ही उभयतांनी मध्य युरोपची सहल केली. तीत व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथील एका दिवसाची फेरी ऐच्छिक होती आणि तिचे पैसे वेगळे भरावे लागले. बडोद्याच्या दांडिया बाजारातील काही परिचित याच सहलीचा विचार करीत असल्याने हा अभिप्राय त्या फेरीपुरताच आहे.

अंतर जेमतेम 60 किलोमीटर. पण मंडळी गोळा करण्यात आणि वाटेतल्या भेटवस्तूंच्या दुकानात इतका वेळ गेला की बस डॅन्यूबच्या काठी उभी राहिली तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि साडेतीनला परत निघायचे होते. त्यातला सव्वा तास किल्ल्याने खाल्ला. चार कोपऱ्यांवर चार बुरूज असलेला हा किल्ला 1811 च्या आगीत जळाला. आज दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला. तेथून नदी सुरेख दिसते, पण त्यासाठी वीस मिनिटे पुरेशी होती.

ज्या वास्तूसाठी येथे यावे, त्या सेंट मार्टिन कॅथेड्रलला मात्र पंधराच मिनिटे मिळाली. तुर्कांनी हंगेरीचा मोठा भाग जिंकल्यावर त्या राज्याची राजधानी या शहरात आली आणि 1563 ते 1830 या काळात हंगेरीचे राज्याभिषेक याच चर्चमध्ये झाले. राणी मारिया तेरेसाचा 1741 साली झाला. मनोऱ्याच्या टोकाला म्हणूनच सोनेरी मुकुट आहे, आणि अभिषेकानंतरच्या मिरवणुकीचा मार्ग फरसबंदीत बसवलेल्या छोट्या पितळी मुकुटांनी दाखवला आहे. आमच्या स्थानिक मार्गदर्शक बाईंनी हे फार चांगले समजावले. कॅथेड्रलला खेटून जाणारा हमरस्ता आणि 1972 चा पूल यांच्यासाठी जुनी ज्यू वस्ती व तिचे सिनेगॉग पाडले गेले, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. जुन्या तटाच्या दरवाजांपैकी मिखाएल दरवाजा तेवढा आज शिल्लक आहे. बडोद्याच्या जुन्या लहरीपुरा दरवाजाखालून रोज जाणाऱ्या माणसाला तेथे क्षणभर थांबावेसे वाटतेच.

नंतर सर्वांना एका भारतीय उपाहारगृहात बसवण्यात आले. स्लोव्हाकियात येऊन पनीर खाण्याचे प्रयोजन मला कळले नाही. बटाट्याच्या पिठाचे लहान गोळे आणि मेंढीच्या दुधाचे चीज घालून केलेला हालुश्की हा तिथला पदार्थ वरचे बेकन वगळून मागवता येतो. आम्ही पिशवीतला लीलो चेवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) खात दहा मिनिटे चालून निळ्या चर्चला गेलो. ओडोन लेखनर या वास्तुकाराने बांधलेले, भिंतींपासून छपरापर्यंत निळ्या छटांचे हे चर्च कार्यक्रमात नव्हतेच. बुडापेस्टच्या उपयोजित कला संग्रहालयात याच लेखनरने भारतीय धाटणीच्या कमानी योजल्या आहेत. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहत वाढलेल्यांना एवढे कोणी सांगितले असते, तर अर्धी मंडळी ताटावरून उठून आली असती.

ज्यांना चालवते त्यांनी व्हिएन्नाहून सरळ आगगाडीने जावे. सुमारे तासाभराचा प्रवास आहे, दोन्ही देशांत शेंगेन व्हिसा आणि युरो चालतात, आणि ब्रातिस्लाव्हाच्या स्थानकावरून जुन्या शहरात पायी पोहोचता येते. ज्येष्ठांना बस सोयीची हे मान्य. त्यांनी निदान किल्ल्यावरचा वेळ कमी करण्याचा आग्रह धरावा. न जेवलेल्या थाळीचे पैसे परत मिळत नाहीत, हे मात्र कंपनीने आधी सांगायला हवे होते.